गच्चीवरच्या चार पराती : सोलापुरातील एका डाईंग कारखान्यात प्रकाश-उत्प्रेरकाची चाचणी

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल आणि चादरीसाठी लागणारे सुती सूत रंगवून देणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. मालकांच्या इच्छेनुसार त्याचे नाव येथे दिलेले नाही. त्यांच्या सांडपाण्याच्या प्रश्नासाठी मला बोलावणे आले, ते एका वेगळ्याच निमित्ताने. मालकांच्या मुलाने एका प्रदर्शनात पाहिले होते की निळ्या पाण्याच्या चंचुपात्रात पांढरी पावडर टाकून ते उन्हात ठेवले, तर तासाभरात पाणी नितळ होते. सोलापुरात उन्हाला तोटा नाही, आणि पावडरही बाजारात मिळते. मग आपल्या हौदातले पाणी असेच का स्वच्छ करू नये, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. प्रश्न योग्य होता. त्याचे उत्तर शोधताना आम्ही जे केले, जिथे चुकलो आणि शेवटी जे ठरले, त्याची ही नोंद आहे.

कारखान्याची अडचण आधी सांगायला हवी. तेथे दोन प्रकारचे रंग वापरले जातात. चादरीच्या सुतासाठी बहुतांशी व्हॅट रंग आणि टॉवेलच्या सुतासाठी रिॲक्टिव्ह रंग. ईटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची, रचना नेहमीची होती : जमा टाकी, फेरस (लोहक्षार) आणि चुना मिसळण्याची टाकी, निवळण टाकी, हवा सोडलेली जैविक टाकी आणि शेवटी वाळू-कोळशाचा फिल्टर. ज्या दिवशी चादरीचे काम असेल त्या दिवशी शेवटच्या नळाचे पाणी जवळजवळ स्वच्छ येई, आणि ज्या दिवशी टॉवेलचा नेव्ही, काळा किंवा लाल रंग चालू असेल त्या दिवशी त्याला निळसर किंवा गुलाबी झाक राही. हा फरक रंगांच्या स्वभावातला आहे. व्हॅट रंगाला हवा लागली की तो पाण्यात न विरघळणाऱ्या कणांच्या रूपात परततो आणि फेरस किंवा तुरटीने खाली बसतो. रिॲक्टिव्ह रंगाच्या रेणूवर सल्फोनेट गट असतात, त्यामुळे तो पाण्यात पूर्ण विरघळतो. त्याचा जो भाग सुताला न चिकटता पाण्याशीच अभिक्रिया करून बसतो, तो पुन्हा सुताला कधीच धरत नाही. गडद छटेत असा वाया जाणारा रंग टाकलेल्या रंगाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक असू शकतो. तो गाळात नीट बसत नाही, आणि जैविक टाकीतील जिवाणूंनाही तो सहज पचत नाही.

वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या मानकांत रंगासाठी १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकके (पाण्याचा रंग मोजण्याचे माप), सीओडीसाठी (पाण्यातले सेंद्रिय पदार्थ रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला २५० मिलिग्रॅम आणि विरघळलेल्या क्षारांसाठी लिटरला २१०० मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. मालकांची चिंता केवळ मर्यादेची नव्हती. उजनीचे पाणी शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावरून सोलापुरात येते, नळाला काही दिवसांआड येते, आणि डाईंगवाल्यांचा बराच भार बोअर व टँकरवर असतो. पाणी रंगहीन झाले तर ते पुन्हा धुण्यासाठी वापरता येईल, हा खरा हिशेब त्यांच्या मनात होता.

आता त्या पांढऱ्या पावडरीविषयी. ती टायटॅनियम डायऑक्साइडची होती. हा पदार्थ अर्धवाहक आहे आणि प्रकाश-उत्प्रेरक म्हणून काम करतो, म्हणजे प्रकाश पडला की स्वतः न संपता अभिक्रिया घडवून आणतो. त्याच्या ॲनाटेज या स्फटिकरूपात इलेक्ट्रॉनला खालच्या पट्ट्यातून वरच्या पट्ट्यात उडी मारायला सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. एवढी ऊर्जा ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या प्रकाशातच, म्हणजे अतिनील किरणांतच असते. इलेक्ट्रॉन वर गेला की खाली रिकामी जागा उरते. ती पाण्याच्या रेणूकडून किंवा पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गटाकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि हायड्रॉक्सिल मूलक हा अतिशय क्रियाशील कण तयार होतो. त्याची ऑक्सिडीकरण क्षमता सुमारे २.८ व्होल्ट आहे, ओझोनची २.०७ आणि क्लोरीनची १.३६. रंगाच्या रेणूतील ॲझो बंध, म्हणजे रंग देणारा नायट्रोजनचा सांधा, तो सहज तोडतो. वर गेलेल्या इलेक्ट्रॉनला मात्र कोणीतरी उचलून न्यावे लागते, नाहीतर तो परत आपल्याच जागी पडतो आणि किरण वाया जातो. हे काम पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन करतो. म्हणूनच पाण्यात हवा सोडत राहावी लागते, आणि अनेक प्रयोग इथेच फसतात. या विषयाकडे जगाचे लक्ष वळले ते १९७२ मध्ये, फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युत्-अग्रावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन दाखवले तेव्हा. १९७७ मध्ये फ्रँक आणि बार्ड यांनी याच पदार्थाने पाण्यातील सायनाइड नष्ट करता येते हे दाखवले. पाणीशुद्धीकरणाची वाट तिथून रुंद झाली.

पहिली चाचणी

कारखान्याच्या गच्चीवर आम्ही स्टीलच्या चार पराती मांडल्या. पहिलीत सांडपाणी आणि पावडर, उन्हात. दुसरीत सांडपाणी आणि पावडर, पण वर दुसरी परात पालथी घालून अंधारात. तिसरीत पावडरीशिवाय नुसते सांडपाणी, उन्हात. चौथीत नुसते सांडपाणी, झाकून. मत्स्यालयाचे छोटे पंप लावून उन्हातल्या दोन्ही पराती आणि पावडरीची झाकलेली परात यांत हवा सोडली. पावडर लिटरला एक ग्रॅम घेतली. मार्चचा शेवट होता, आणि सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत ऊन अखंड होते.

दुपारी पाहिले तेव्हा पहिल्या परातीतला नेव्ही रंग थोडा विटला होता, इतकेच. तिसऱ्या परातीतला रंग तर सकाळपेक्षा गडद दिसत होता. ईटीपी सांभाळणारे मामा म्हणाले, "सर, उन्हानं रंग वाढला की." रंग वाढला नव्हता, पाणी आटले होते. सोलापूरच्या मार्चच्या उन्हात उथळ परातीतून पाच तासांत किती पाणी उडते, याचा विचार मी आधी करायला हवा होता. दुसऱ्या दिवसापासून परातीच्या आतल्या बाजूला रेघ मारली आणि दर तासाला ऊर्ध्वपातित पाणी घालून पातळी त्या रेघेवर आणत राहिलो. हे न केल्यास उन्हातला प्रत्येक आकडा खोटा ठरतो, कधी आपल्या बाजूने तर कधी विरोधात.

आटलेल्या पाण्याचा हिशेब धरूनही काम फारच कमी झाले होते. प्रदर्शनातल्या चंचुपात्रात जे झाले ते इथे का झाले नाही, याची कारणे एकामागून एक उलगडत गेली.

चंचुपात्रात बहुधा मिथिलीन ब्लू हा रंग होता. प्रयोगशाळेत तो सर्रास वापरतात, पण डाईंगच्या सांडपाण्यासाठी तो चुकीचा नमुना आहे. तो धनभारित आहे, आणि टॉवेलचे रिॲक्टिव्ह रंग ऋणभारित. तो स्वतः दृश्य प्रकाश शोषून उत्तेजित होतो, आणि ऑक्सिजन कमी पडला तर न तुटताच रंगहीन रूपात जातो आणि हवा लागताच पुन्हा निळा होतो. शिवाय तो ऊर्ध्वपातित पाण्यात होता. आमच्या परातीतले पाणी डाईंगचे होते, आणि रिॲक्टिव्ह रंगणीत लिटरला ४० ते ८० ग्रॅम मीठ आणि भरपूर सोडा पडतो.

सोड्याचा मुद्दा या प्रकरणात सगळ्यांत महत्त्वाचा ठरला. सोड्यातले कार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलकाला रंगाआधीच गाठते आणि संपवते. मूलकाशी कार्बोनेटची अभिक्रिया बायकार्बोनेटच्या तुलनेत चाळीसपटींहून अधिक वेगाने होते. आमचे पाणी पीएच साडेदहाच्या वर होते, म्हणजे बराच कार्बोनेट कार्बोनेट याच रूपात हजर होता. गच्चीवर तयार होणारे बहुतेक मूलक सोडा धुण्यातच खर्च होत होते. त्यात आणखी एक भर पडली. टायटॅनियम डायऑक्साइडचा पृष्ठभाग साधारण पीएच साडेसहाच्या वर ऋणभारित होतो आणि ऋणभारित रंगाला दूर लोटतो. रंग पृष्ठभागाजवळ येत नव्हता आणि पृष्ठभागावर तयार होणारे मूलक भलत्याच गिऱ्हाइकाला जात होते.

पावडरही जास्त झाली होती. लिटरला एक ग्रॅम पावडरीने पाणी दुधासारखे होते आणि अतिनील किरण वरच्या सेंटीमीटरभर थरातच अडतात. खालची पावडर अंधारात राहते. स्पेनमधील अल्मेरिया येथील सौर केंद्रात नळ्यांच्या परावर्तक संचांवर वर्षानुवर्षे काम झाले आहे, आणि तिथे लिटरला ०.२ ग्रॅमच्या आसपासचे प्रमाण पुरेसे ठरले. पाच सेंटीमीटर खोलीच्या परातीलाही तेवढेच पुरते. मालकांना हे पटवायला वेळ लागला, कारण डाईंगमध्ये रंग कमी पडला की आणखी टाकायची सवय असते.

उन्हाचा हिशेब

दुसरी चाचणी करण्याआधी मी मालकांसमोर बसून कागदावर एक ढोबळ हिशेब मांडला. माझ्या मते या प्रकरणाचा निर्णय याच कागदावर झाला.

सोलापुरात वर्षाच्या सरासरीने प्रत्येक चौरस मीटरवर दिवसाला साडेपाच किलोवॅट-तासांच्या आसपास सौर ऊर्जा पडते. त्यातला साधारण ५ टक्के भाग अतिनील असतो, म्हणजे सुमारे पाव किलोवॅट-तास. मोजमाप बदलून पाहिले तर ते दर चौरस मीटरला दिवसाला सुमारे ३ मोल (रसायनशास्त्रातले कणांच्या संख्येचे माप) प्रकाशकण होतात. त्यातले फार थोडे उपयोगी मूलक तयार करतात, बाकीचे पावडरीतच विरून जातात. शंभरातले तीन कामी आले असे धरले, तर हाती येतात ०.०९ मोल मूलक.

यावर पहिला प्रश्न सीओडीचा. ईटीपीतून आलेल्या पाण्याची सीओडी ४०० वरून २५० वर आणायची असे धरा. दहा हजार लिटरमागे दीड किलो ऑक्सिजनची गरज उतरवायची आहे. ऑक्सिजनच्या एका रेणूबरोबरचे काम करायला चार मूलक लागतात असे धरले, तर एक चौरस मीटर ऊन दिवसाला जेमतेम पाऊण ग्रॅम सीओडी उतरवते. म्हणजे दीड किलोसाठी दोन हजार चौरस मीटर, अर्धा एकर पसरट टाक्या. कारखान्याची सगळी गच्ची त्याच्या पासंगालाही पुरणार नव्हती. हवेतला ऑक्सिजन साखळी अभिक्रियेत मदत करतो म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा बरा येईल, पण तो दहापट बरा होणार नाही.

दुसरा प्रश्न रंगाचा. त्याच दहा हजार लिटरमध्ये लिटरला २० मिलिग्रॅम रंग उरला आहे आणि त्याचा रेणूभार हजाराच्या आसपास आहे असे धरा. रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या रंगाचा रेणूभार जवळपास तेवढाच आहे. म्हणजे एकूण रंग फक्त ०.२ मोल. प्रत्येक रेणूतले ॲझो बंध तुटून तो रंगहीन व्हायला दहा मूलक लागतात असे सढळ हाताने धरले, तरी २ मोल मूलक पुरतात, आणि त्यांना २२ चौरस मीटर ऊन लागते. पाच सेंटीमीटर खोलीने दहा हजार लिटर पसरायचे तर दोनशे चौरस मीटर जागा तशीही लागतेच. बायकार्बोनेट, मीठ, ढग आणि धूळ यांत होणारी गळती त्या फरकातून भागू शकते.

तेच ऊन आणि तीच पावडर रंगाच्या कामी येते आणि सीओडीच्या कामी येत नाही. पाणी रंगहीन दिसले म्हणजे त्यातला सेंद्रिय भार गेला, असा समज या क्षेत्रात फार पसरला आहे आणि तो घातक आहे. रंग जातो तेव्हा रेणूचा फक्त रंग देणारा सांधा तुटलेला असतो. त्याचे बेंझिन आणि नॅफ्थलीनच्या कड्यांचे तुकडे पाण्यात तसेच असतात, आणि ते पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो. क्षारांच्या बाबतीत तर प्रकाश-उत्प्रेरक काहीच करू शकत नाही. मीठ आहे तसे राहते.

म्हणून मी मालकांना सांगितले की हा उपाय ईटीपीच्या जागी येणार नाही. तो ईटीपीच्या शेवटी, फक्त शेवटच्या धुण्यांच्या पाण्यासाठी येईल, आणि त्यासाठी आधी पाणी वेगळे करावे लागेल. मालक बराच वेळ कागदाकडे पाहत होते. मग म्हणाले, "म्हणजे सर, काम गच्चीवर नाही, खाली गटारात हाय." ते अगदी बरोबर होते.

दुसरी चाचणी

तोवर रंगाचा हौद, सोपिंग (रंगणीनंतरची साबणाची धुलाई) आणि धुणी यांचे सगळे पाणी एकाच गटारातून जमा टाकीत जात होते. आम्ही एका यंत्राला तात्पुरता नळ जोडून शेवटच्या दोन धुण्यांचे पाणी वेगळे घेतले. त्यात मीठ आणि सोडा आधीच्या पाण्याच्या मानाने अगदी थोडा होता. ते वाळूच्या फिल्टरमधून काढले, थोडे गंधकाम्ल घालून पीएच सात ते साडेसहाच्या दरम्यान आणला आणि तासभर हवा सोडली, म्हणजे कार्बोनेटचा मोठा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडून गेला. पीएच आणखी खाली नेला असता तर रंग पावडरीला अधिक चिकटला असता, पण आम्लात मिठातले क्लोराइडही मूलक खाऊ लागते, आणि मिठाच्या पाण्यात ती चूक महागात पडते.

पुन्हा त्याच चार पराती, लिटरला ०.२ ग्रॅम पावडर. या वेळी दुपारी एकच्या सुमारास पहिल्या परातीचा तळ दिसू लागला आणि तीन वाजता पाणी गाळून पाहिले तर काचेच्या नळीत ते नळाच्या पाण्यापासून वेगळे ओळखता येत नव्हते. पावडर बारीक असते आणि प्रकाश विखुरते, त्यामुळे गाळल्याशिवाय रंगमापक यंत्रात घेतलेला आकडा निरुपयोगी असतो. पावडरीविना उन्हात ठेवलेल्या परातीत रंग जवळपास तसाच होता.

झाकलेल्या परातीने मात्र एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. अंधारातही रंग थोडा उतरला होता. ती पावडर गाळून घेतली, सोड्याच्या फिक्या पाण्यात ढवळली, आणि पाणी लगेच निळसर झाले. म्हणजे तो रंग तुटला नव्हता, पावडरीवर फक्त बसला होता. उन्हातल्या परातीतली पावडर तशीच धुतली तेव्हा पाणी स्वच्छ राहिले. ही अंधारातली परात न ठेवता कोणी रंग गेल्याचा दावा केला, तर तो मान्य करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सीओडी मोजताना आणखी एक सावधगिरी लागली. डायक्रोमेट पद्धतीत क्लोराइडचेही ऑक्सिडीकरण होते आणि सीओडी खोटी वाढलेली दिसते. क्लोराइडला बांधून ठेवणारे मर्क्युरिक सल्फेट पुरेसे घातले नाही तर मिठाच्या पाण्याचे सगळे आकडे फसवे येतात. काळजी घेऊन मोजल्यावर दिसले ते कागदावरच्या हिशेबाला धरूनच होते. रंग गेला होता, सीओडी थोडीशीच हलली होती. शेवटच्या धुण्याच्या पाण्यात ती मुळातच कमी असल्याने पुनर्वापराला अडचण नव्हती.

पावडर आणि परात

पावडर परत मिळवणे हे या पद्धतीचे खरे दुखणे आहे. कण सुमारे २० नॅनोमीटरचे असतात, आणि शुद्ध पाण्यात ते दिवसेंदिवस तरंगत राहतात. इथे मिठाच्या पाण्याने मदत केली. क्षार असले आणि पीएच साडेसहाच्या जवळ असला की कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि रात्रभरात खाली बसतात. वरचे पाणी तरीही किंचित दुधट राहिले, म्हणून पुनर्वापराआधी वाळूचा फिल्टर ठेवावाच लागला. कोरडी पावडर हाताळताना मास्क बंधनकारक केला, कारण श्वासावाटे जाणारी टायटॅनियम डायऑक्साइडची धूळ कर्करोगकारक असण्याची शक्यता आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवली आहे.

पावडर मोकळी न सोडता फरशीवर बसवावी, अशी मालकांची सूचना होती. सोलापुरात शहाबादी फरशी घरोघरी असते, स्वस्त मिळते. पण शहाबादी हा चुनखडीचाच दगड आहे. किंचित आम्लधर्मी पाण्यात तो विरघळून पुन्हा बायकार्बोनेट देतो, म्हणजे आपण जे काढून टाकले तेच परत आणतो. काचेच्या पट्ट्यांवर लेप देऊन पाहिला. काम झाले, पण मंद, कारण रंगाला लेपापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. आणि काही दिवसांतच बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर लेपावर चढला. त्याखाली ऊन पोहोचेना.

झिंक ऑक्साइड स्वस्त आहे म्हणून तोही विचारात घेतला. उन्हात त्याचे काम उत्तम चालते, पण प्रकाशात आणि आम्लात तो स्वतः विरघळतो, आणि सांडपाण्यातील जस्ताची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. एक प्रदूषक काढून दुसरा घालणे आम्हाला मान्य नव्हते.

जे ठरले

कारखान्यात आता गटारे दोन आहेत. रंगाच्या हौदाचे आणि पहिल्या धुण्याचे खारट पाणी वेगळ्या, प्लॅस्टिक अंथरलेल्या उथळ टाकीत जाते आणि तिथे उन्हात आटते. जिल्ह्याचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास असल्याने आठ महिने ही टाकी चांगली चालते. सोपिंग आणि मधल्या धुण्यांचे पाणी ईटीपीत जाते, आणि खारट पाणी वगळल्यामुळे जैविक टाकी अधिक स्थिर झाली आहे. शेवटच्या दोन धुण्यांचे पाणी गच्चीवरील पाच सेंटीमीटर खोलीच्या टाक्यांत सकाळी चढवले जाते, दिवसभर त्यात हवा सुटते, रात्री पावडर बसते आणि सकाळी वरचे पाणी वाळूतून गाळून पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला वापरले जाते.

जून ते सप्टेंबर ढग असतात. ढगांतून अतिनील किरण काही प्रमाणात येतातच, पण एका दिवसाचे काम दोन दिवसांत होते, त्यामुळे त्या काळात गच्चीवर पाठवायचे पाणी निम्मे केले जाते आणि उरलेले ईटीपीत जाते. पावडर किती खेपा टिकते, हे अजून तपासत आहोत. दर आठवड्याला एक अंधारातली परात आजही मांडली जाते. ती मामा मांडतात, आणि आतल्या रेघेपर्यंत पाणी भरले आहे की नाही ते स्वतः वाकून पाहतात.